नाताळच्या भेटीवरील चिठ्ठी

भेटवस्तूस दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी ही इतकी क्षुल्लक वस्तू आहे की, तिचा इतिहास लिहावयास बसणे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु डिसेंबर महिन्यात मुले पुठ्ठा, कात्री व रंग घेऊन नाताळच्या भेटींसाठी ज्या नक्षीदार चिठ्ठ्या करीत बसतात, त्यांचे मूळ शोधू गेल्यास ते देवळात सापडत नाही की चित्रकाराच्या खोलीत सापडत नाही. ते सापडते व्यापाऱ्याच्या वखारीत. आणि कापडाची वखार म्हटली म्हणजे भिवंडीचे स्मरण होणे क्रमप्राप्तच आहे.

‘नाताळ’ हा शब्द आपणांस पोर्तुगिजांकडून मिळाला. भिवंडीपासून फारशा दूर नसलेल्या वसई प्रांतावर त्यांचा अंमल इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. तेथील ख्रिस्ती घरांतून सणाच्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाची ताटे जात. त्या ताटांवर चिठ्ठी कशास हवी? ताट कोणाच्या घरचे, हे ते घेऊन येणाऱ्या मुलाच्या तोंडावरूनच कळे. आपल्या लग्नकार्यातही आहेरावर चिठ्ठी लावण्यापेक्षा, वही घेऊन बसलेल्या गृहस्थाने नाव टिपून घेणे अधिक रूढ होते. देणारा दाराशी उभा नसतो, तेथेच चिठ्ठीची गरज उत्पन्न होते.

ती गरज युरोप-अमेरिकेत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उत्पन्न झाली. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल याने हॉर्स्ली नामक चित्रकाराकडून नाताळचे पहिले विक्रीचे कार्ड काढविले. ते शिळाछापावर छापून हातांनी रंगविलेले होते व त्याची किंमत एक शिलिंग होती. पुढे टपाल व आगगाडी यांच्या योगे भेटी दूरदूर जाऊ लागल्या. तथापि चिठ्ठीचा खरा जनक निराळाच. मालाच्या गासडीस बांधलेली कागदी चिठ्ठी भोकापाशी फाटे आणि गासडी निनावी होई. अमेरिकेतील डेनिसन याने भोकाभोवती कागदाची चकती डकवून ही अडचण दूर केली व १८६३ साली तिचे पेटंट घेतले. त्याच नावाच्या कंपनीने पुढे नाताळच्या रंगीत चिठ्ठ्याही विकल्या. भेटीवरील चिठ्ठी ही गासडीवरील चिठ्ठीची अशी कन्या होय!

भिवंडीस ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग मांडले. १९३० नंतरच्या काळात त्यांची जागा यंत्रमागांनी घेण्यास आरंभ झाला. त्याच्याही पूर्वी मँचेस्टरचे कापड आपल्याकडे येई, ते थानावर रंगीत चित्र चिकटवून. लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ अशी ती चित्रे असत. गिऱ्हाईक अक्षरशत्रू असले तरी त्यास चित्रावरून माल ओळखता यावा, हा त्यांतील हेतू. कापड झिजून गेले तरी चित्र भिंतीवर राही. १८८९ च्या कायद्याने आयात थानांवर लांबीचा आकडा छापणेही आवश्यक झाले. म्हणजे कापड किती, कोणत्या गिरणीचे, कोणत्या पेढीचे, हे सर्व थानावर आले. ते विणले कोणी, एवढेच आले नाही. भिवंडीच्या मजुरीच्या पद्धतीतही सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, माग बहुधा तिसऱ्याचा, आणि रात्रपाळीस उभा असलेल्या विणकराचे नाव कोठेच नाही.

हाताने केलेल्या चिठ्ठीचे महत्त्व मला वाटते ते याच कारणाने. व्यापाऱ्याचेच साधन उचलून तीत करणाऱ्याने आपले नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असते. साहित्यही भिवंडीकरांस शोधावयास नको. सुताचा रिकामा कागदी कोन उभा कापावा, किंचित ओलसर करून वजनाखाली सपाट करावा. जाड, चिवट पुठ्ठा तयार होतो. त्यावर पांढऱ्या चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद चिकटवावा. असा कागद करण्याची संस्था पुण्यास १९४० साली निघाली. कोपरे तिरपे छाटावेत, भोकाभोवती डेनिसनची चकती विसरू नये, आणि मागावरचे उरलेसुरले सूत पिळून दोरा करावा. चमकीच्या भुकटीविषयी प्रस्तुत लेखकाचे मत प्रतिकूल आहे. ती भेटीपेक्षा सतरंजीवरच अधिक काळ राहते.

कित्येक घरांत गतवर्षीच्या कार्डांतून चिठ्ठ्या कापण्याची चाल आहे. ती काटकसरीची खरीच. पण कात्री चालते ती चित्राच्या अर्ध्या भागावर. ज्या अर्ध्या भागावर आत्याबाईंचे किंवा परदेशी गेलेल्या मुलाचे अक्षर असते, तो बाजूस काढून ठेवला जातो, आणि पेटीत अशा अर्ध्या कार्डांचा गठ्ठा वर्षानुवर्षे वाढत जातो.