सहावा रकाना

देहूरोडच्या फलाटावर माझ्या हातून कार्डांचा गठ्ठा सुटला, तेव्हा पाऊस लागला होता. चारशेच्या आसपास कार्डं. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, रकाने ८०. मजकूर सातव्यापासून लिहायचा. ओळ एका कार्डात मावली नाही, तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या रकान्यात खूण. क्रम चुकू नये म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर मी शाईनं तिरकी रेघ ओढली होती, ती पाण्यानं पसरली. मग बाकावर बसून ७३ ते ८० या रकान्यांतले आकडे वाचत गठ्ठा लावला. दोन लोकल गेल्या.

त्या कार्डांवरची भाषा फोर्ट्रान. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली. मी निवृत्त झालो, ती झालेली नाही.

तिला हटवायला आलेली एक भाषा पुण्याच्या दारापर्यंत आली होती, हे आता कुणाला आठवत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. या चिपांसाठी इनमॉसनं खास ऑकॅम ही भाषा घडवली होती. कोणती कामं एकामागून एक आणि कोणती एकाच वेळी, हे तिच्यात एकेका शब्दात सांगता यायचं. देखणी भाषा! पण हवामानाचे, ताण-दाबाचे प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये पडून होते, आणि यंत्र घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, 'माझा जुना प्रोग्राम चालेल का?' शेवटी इनमॉसलाही फोर्ट्रान आणि सी द्यावंच लागलं. पुढे ट्रान्सप्यूटर गेला, आणि त्याच्याबरोबर ऑकॅमही.

२०१२ मध्ये ज्युलिया आली. तिच्या चार कर्त्यांत आपला विरल शाह आहे. विचार पायथनसारखा सोपा लिहायचा आणि वेगासाठी पुन्हा सी-फोर्ट्रानमध्ये उतरवायचा, ही दुहेरी हमाली तिला संपवायची होती. पहिली स्थिर आवृत्ती, १.०, २०१८ ला निघाली. माझी पुतणी चाकणला इंजिन माउंटच्या रबराचं गणित करते. तिनं ज्युलिया हौसेनं शिकून घेतली. सुरुवातीला साधा आलेख काढायलाही ताटकळावं लागे, कारण पहिल्या वेळी प्रोग्राम तिथल्या तिथे कंपाइल व्हायचा. ते पुढे बरंच सुधारलं. खरी अडचण वेगळीच होती. सोबतच्या पोरांना पायथन येत होतं, आणि पायथनला वेग मिळतो तो पोटातल्या सी आणि फोर्ट्रानमुळे. ज्युलियासुद्धा मॅट्रिक्स सोडवायला लॅपॅक या लायब्ररीकडेच जाते, म्हणजे पुन्हा फोर्ट्रान! शिवाय रबराचं गणित नव्या भाषेत लिहिलं की ते चाचणीशी पुन्हा ताडून पाहायचं. त्याचे दिवस कोण देणार?

मेट्रिक मापं कायद्यानं आली, १९५६ च्या. तरी आमचा फिटर शेवटपर्यंत 'दोन सूत घे' म्हणायचा. भाषेसाठी तर कायदाही नाही.

मागच्या रविवारी पुतणीनं लॅपटॉपवर फाइल दाखवली.

"काका, या ओळींच्या आधी मधेच एक आकडा का आहे? काढला की एरर येते."

मी मोजलं. सहावा रकाना.

"कुणी लिहिलंय हे?"

"माहीत नाही. पण उत्तर चाचणीशी जुळतं, म्हणून कुणी हात लावत नाही."