फलटणच्या मॅक्सीनमावशी

वयोवृद्ध सेवकांचा सत्कार करण्याची प्रथा आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. धर्मग्रामाच्या सणाला मिस्सानंतर शाल, श्रीफळ आणि चार गौरवाचे शब्द अर्पण केले जातात. ही प्रथा स्तुत्यच होय. परंतु ज्या कार्यासाठी त्या व्यक्तीने आयुष्य वेचले, ते कार्य नेमके कोणते होते, हे आपण कितपत जाणून घेतो? सातारा जिल्ह्यातील एका सेवाव्रती स्त्रीचा परिचय या दृष्टीने करून घेण्यासारखा आहे.

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, ती प्रथम लोणंदला विसावते. पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते आणि तरडगावचा मुक्काम आटोपून वारी फलटणला पोहोचते. लोणंद आणि फलटण यांचे नाते केवळ वारीपुरतेच नव्हते. २०१९ साली या दोन गावांमधील लोहमार्गावर गाडी धावू लागेपर्यंत फलटणकरांना आगगाडीसाठी लोणंद स्थानकच गाठावे लागत असे. या फलटण गावी १९६६ साली डॉ. मॅक्सीन बर्नसन आल्या आणि पुढे गावाच्या ‘मॅक्सीनमावशी’ झाल्या.

त्यांचा जन्म १९३५ सालचा, अमेरिकेतील मिशिगन राज्यातला. १९६१ मध्ये त्या प्रथम भारतात आल्या व हैदराबाद येथे त्यांनी अध्यापन केले. नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्राचा अभ्यास करताना त्यांनी संशोधनासाठी विषय निवडला तो फलटणच्या बोलीचा. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, फलटणलाच राहत होत्या. या दोघींच्या सहकार्यातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश ही पुस्तके १९७५ मध्ये सिद्ध झाली. एलिनॉर झेलियट यांच्यासमवेत बर्नसन यांनी संपादित केलेला महाराष्ट्रातील धर्मजीवनावरील इंग्रजी लेखसंग्रह १९८८ साली प्रकाशित झाला. इरावतीबाईंनी पंढरीच्या वाटचालीवर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाचा अनुवादही त्यात समाविष्ट आहे.

संशोधन पूर्ण होताच अभ्यासक आपल्या देशी परततो, असा सर्वसाधारण अनुभव. बर्नसन मात्र फलटणमध्ये राहिल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

एकाच गावात कुणी ‘पाणी’ म्हणतो, तर कुणी ‘पानी’. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे आपापल्या बोलीच्या नियमांना धरूनच असतात. शाळेत मात्र एकाला शुद्ध ठरवले जाते आणि दुसऱ्याला हसले जाते. घरची भाषा तोंडातून निघताच जे मूल खजील होते, ते हळूहळू बोलणेच टाकते. जे बोलत नाही, ते वाचायला तरी कसे शिकणार? दलित व गरीब वस्त्यांतील कितीतरी मुले वर्षानुवर्षे शाळेत बसूनही निरक्षरच राहत होती. अशा मुलांना जवळ घेऊन वाचन शिकवण्याचे काम बर्नसन यांनी आरंभिले. त्यातूनच १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

त्यांच्या पद्धतीचे मर्म साधे आहे. रूढ पद्धतीत मूल आधी सारी मुळाक्षरे घोकते, मग बाराखडी. अर्थपूर्ण शब्द त्याच्या वाट्याला फार उशिरा येतो. येथे मोजकी अक्षरे आणि त्यांच्या जोडीला एखादी स्वरचिन्हाची खूण असे लहान गट केले जातात. पहिल्याच गटापासून मुलाला आपल्या ओळखीचे शब्द वाचता येतात. शिवाय मुलाने स्वतः सांगितलेली हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घेतली जाते. आपले बोलणे कागदावर उमटते, हे कळले की अक्षराची भीती सरते. प्रमाण भाषा पुढे शिकवायचीच असते. ती घरच्या बोलीचा अपमान न करता शिकवावी, एवढेच.

शाळेला ज्यांचे नाव दिले, त्या कमलाबाई निंबकर याही मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. पंथाने त्या क्वेकर होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करून अपंगांच्या पुनर्वसनाचा पाया त्यांनी घातला.

परभूमीतून येऊन मराठीला आपली मानणाऱ्यांची परंपरा आपल्याला नवी नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी लोकांना कळेल अशा भाषेत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. या दोघांच्या काळात व कार्यात पुष्कळ अंतर आहे, तरीही एक गोष्ट समान आहे. काही देण्यापूर्वी दोघांनीही लोकांची भाषा विनयाने ऐकली.

सेवा म्हणजे आपल्याजवळचे दुसऱ्याला देणे, असे आपण समजतो. फलटणचे उदाहरण सांगते की आधी ऐकणे, मग देणे. आज आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काही नाही. परंतु आजीची बोली ऐकून नातवंडे हसत असतील, तर त्या घरातून काहीतरी मोलाचे निघून चालले आहे, हे ओळखावे. मॅक्सीनमावशींसारख्या सेवाव्रतींचा गौरव करायचा, तर शालीबरोबर आणखी एक गोष्ट करता येईल. वस्तीतील एखाद्या अडखळणाऱ्या मुलाजवळ रोज अर्धा तास बसावे, त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग पुस्तक उघडावे.