आफ्रिकेतील शिकार : निवेदक, शब्द आणि लोकमत

'सफारी' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत आता सर्रास आढळतो. उघड्या मोटारीतून अभयारण्यातील वाघ पाहण्यास जाणे ही सफारी. आणि एका विशिष्ट घाटाचा पोशाख, तोही सफारीच. वस्तुतः या शब्दाचे मराठीशी नाते फार जुने आहे. अरबी 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि तोच अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून स्वाहिलीत 'सफारी' झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ अद्यापही 'प्रवास' एवढाच आहे. परगावच्या आजारी नातलगाला भेटावयास निघालेली स्त्रीही सफारीलाच निघालेली असते. त्याला बंदूक चिकटली ती इंग्रजीत, आणि ती चिकटवण्याचे काम कोशकारांनी केले नाही. ते वृत्तपत्रांनी, मासिकांनी, चित्रपटांनी आणि त्यांतून घरोघर परिचित झालेल्या मोजक्या व्यक्तींनी केले. आफ्रिकेतील शिकारीविषयी युरोप-अमेरिकेचे मत कोणी घडविले, याचा शोध घेताना या व्यक्तींनी कोणते शब्द रूढ केले हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. मत पालटले त्याच्या आधी बहुधा शब्द पालटलेला दिसतो, आणि पुष्कळदा कायदाही शब्दाच्या मागोमाग गेलेला दिसतो.

या परंपरेचा आरंभ थिओडोर रूझवेल्टपासून धरावयास हरकत नाही. त्याच्या आधीही आफ्रिकेतील शिकारीची वर्णने इंग्रजीत विपुल होती. परंतु ती शिकाऱ्यांनी लिहिलेली आणि बव्हंशी शिकाऱ्यांनीच वाचलेली. रूझवेल्टची गोष्ट निराळी होती. 4 मार्च 1909 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून तो उतरला आणि त्याच महिन्यात पुत्र कर्मिट याला घेऊन आफ्रिकेस निघाला. मोहिमेला स्मिथ्सोनियन संस्थेचा आश्रय होता आणि संग्रहालयासाठी नमुने मिळविणे हा तिचा घोषित हेतू होता. वृत्तांताचे हक्क 'स्क्रिब्नर्स' मासिकाने 50,000 डॉलरांना घेतले होते. मोंबासापासून खार्टूमपर्यंतच्या या प्रवासात पितापुत्रांनी मिळून 512 जनावरे मारली. त्यांत 17 सिंह, 11 हत्ती आणि 20 गेंडे होते.

हे आकडे त्याने स्वतःच ग्रंथात तक्ता करून दिले आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. लपविण्यासारखे त्यात त्याला काही वाटले नाही. कारण जनावर 'मारले' असे त्याच्या भाषेत क्वचितच घडते. ते 'मिळविले' जाते, आणि मिळाल्यावर त्याचा 'नमुना' होतो. विज्ञानाचा हा शब्द लावला की हत्या संग्रहाच्या सदरात जाते. संग्रह खोटा होता असे मात्र नव्हे. संग्रहालयाला वनस्पती, कीटक, पक्षी धरून सहस्रावधी वस्तू मिळाल्या आणि अभ्यासकांना त्यांचा उपयोगही झाला. तथापि वाचकांच्या मनावर ठसला तो कीटकसंग्रह नव्हे. ठसला तो सिंहाजवळ बंदूक घेऊन उभा असलेला माजी अध्यक्ष. या प्रवासात अडीचशेच्या आसपास हमाल त्याच्याबरोबर होते. ते आपल्याला 'ब्वाना मकूबा', म्हणजे थोर धनी, म्हणत असे त्याने नोंदविले आहे. धनी जवळ नसताना ते त्याला काय म्हणत, हे विचारण्याची तसदी त्याने घेतलेली दिसत नाही.

याच मोहिमेच्या निमित्ताने एक चमत्कारिक प्रकार घडला. शिकागोच्या सेलिग कंपनीने रूझवेल्टसारखा दिसणारा नट उभा करून, कृष्णवर्णी अमेरिकनांना हमाल बनवून आणि एक म्हातारा सिंह विकत आणून आपल्याच आवारात आफ्रिकेची शिकार चित्रित केली. त्या बिचाऱ्या सिंहाला मात्र खरोखरच गोळी घातली. रूझवेल्ट आफ्रिकेत असतानाच, 1909 मध्ये, हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला. पुढच्या वर्षी चेरी कीर्टन याने प्रत्यक्ष आफ्रिकेत घेतलेली खरी दृश्ये आली तेव्हा प्रेक्षकांना ती फिकी वाटली. तीत सिंह पडताना दिसत नव्हता. लोकमत आफ्रिकेविषयी बनत होते, पण ते आफ्रिकेवाचूनही बनू शकते ही गोष्ट येथेच सिद्ध झाली.

1920 नंतर कॅमेरा बंदुकीच्या बरोबरीने चालू लागला. मार्टिन आणि ओसा जॉन्सन या दांपत्याच्या 'सिंबा' (1928) या चित्रपटात मार्टिन कॅमेरा फिरवितो आणि ओसा बंदूक रोखून उभी राहते. चालून येणारे जनावर आधी चित्रित होते आणि मग पडते. 1929 मध्ये डेनिस फिंच हॅटन याने लंडनच्या 'टाइम्स'मधून मोटारीत बसून सिंह मारणाऱ्या प्रवाशांवर टीका केली. प्रिन्स ऑफ वेल्सला शिकारीला नेणारा हा वाटाड्या, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. परंतु त्याचा आक्षेप हत्येला नव्हता, हत्येच्या रीतीला होता. पायी जाऊन मारणे सभ्य आणि मोटारीतून मारणे असभ्य, असा हा भेद. हेमिंग्वेने 1933-34 च्या आपल्या शिकारप्रवासावर लिहिले त्यातही हाच रीतीचा अभिमान मुरलेला आहे. त्याचा मार्गदर्शक फिलिप पर्सिव्हल हा रूझवेल्टबरोबरही हिंडलेला होता; आणि हेमिंग्वेचे पुस्तक 1935 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाले तेही 'स्क्रिब्नर्स'मध्येच. पाव शतकानंतर तोच वाटाड्या आणि तेच मासिक! जानेवारी 1954 मध्ये त्याला दोन विमान-अपघात झाले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे मृत्युलेखही छापून टाकले. त्याच वेळी केनियात माऊ माऊचा उठाव चालू होता. सचित्र मासिकांच्या वाचकाला मात्र आफ्रिका म्हणजे शिकाऱ्याचा तंबू एवढेच दिसत राहिले.

या सर्व लेखनात 'शिकारी' हा शब्द एकाच वर्णाच्या माणसासाठी राखलेला आहे. परवाना काढून हत्ती मारणारा शिकारी. धनुष्यबाणाने मारणारा चोर. पूर्व केनियातील वाता, ज्यांना इतर लोक वालियांगुलू म्हणत, हे मोठ्या धनुष्यांनी व विषारी बाणांनी हत्ती मारणारे लोक. 1948 मध्ये त्यांच्या प्रदेशात त्सावोचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांचा परंपरागत व्यवसाय अपराध ठरला. 1956-57 च्या मोहिमेत त्यांच्यापैकी कित्येक तुरुंगात गेले. हस्तिदंताचा चोरटा व्यापार चालत होता आणि त्याला आळा घालणे आवश्यकही होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या व्यापाराचा मोठा नफा धनुष्य ओढणाऱ्याच्या पदरी पडत नव्हता. पुढे त्यांना कायदेशीर रीतीने हत्ती मारू देणारी एक योजना गलाना नदीच्या परिसरात करून पाहण्यात आली, पण ती टिकली नाही. स्वाहिलीत शिकाऱ्याला 'म्विंदाजी' असा स्वच्छ शब्द आहे. कायद्याने मात्र या लोकांना 'जंगिली', म्हणजे चोरटा शिकारी, हा शब्द चिकटविला. मराठी वाचकाला ही कथा अपरिचित वाटू नये. जुन्या मराठीत राजाही पारधीला जात असे. पुढे राजेरजवाड्यांची आणि साहेबांची 'शिकार' झाली, आणि पारध ज्यांच्याकडे उरली त्या फासेपारध्यांची नोंद इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या यादीत झाली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. शब्दाला लागलेला डाग अजून पुरता गेलेला नाही.

बंदुकीविरुद्ध मत फिरविण्याचे मोठे श्रेय बर्नहार्ट ग्झिमेक याला द्यावे लागते. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचा हा संचालक 1956 पासून जर्मन दूरचित्रवाणीवर येऊ लागला. मेजाशी बसून, शेजारी एखादे जिवंत जनावर घेऊन, संथ आवाजात तो बोलत असे. सेरेंगेटीवरील त्याचा चित्रपट 1959 मध्ये निघाला आणि 1960 मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या कामातच त्याचा पुत्र मायकेल विमान कोसळून मरण पावला. त्या दुःखाने पित्याच्या शब्दाला निराळेच वजन आले. प्रेक्षकांनी बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन आफ्रिकेत जावे, असा त्याचा आग्रह होता. तशा सहलींची कोणतीही सोय झालेली नसताना त्याने त्या उपलब्ध असल्याचे पडद्यावरून सांगितले, आणि प्रवासी कंपन्यांना त्या काढाव्या लागल्या. सफारीच्या अर्थाला येथे दुसरे वळण मिळाले. परंतु ग्झिमेकच्या सेरेंगेटीत माणसाला जागा नव्हती. ज्या 1959 साली चित्रपट आला त्याच सुमारास मासाई गुराखी आपली जनावरे घेऊन सेरेंगेटी सोडून एन्गोरोंगोरोकडे गेले. 'मोकळे रान' म्हणून पडद्यावर जे दिसले ते असे मोकळे केलेले होते. 'रान' या शब्दातच माणसाचा अभाव गृहीत धरणे ही शहरी भाषेची खोड आहे. गुराख्याच्या भाषेत ते कुरण असते.

जॉय ॲडम्सन या बाईंचे काम याहून साधे आणि कदाचित अधिक दूरगामी झाले. त्यांच्या पतीने, जे स्वतः वनाधिकारी होते, 1956 मध्ये एक सिंहीण मारली. तिचा एक बछडा बाईंनी वाढविला आणि त्याला 'एल्सा' हे नाव दिले. 1960 मध्ये पुस्तक आले, 1966 मध्ये चित्रपट. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर सामान्यनामाचे विशेषनाम झाले. सामान्यनामाचा नमुना करता येतो, त्याची संख्या तक्त्यात मांडता येते. विशेषनामाची हत्याच होते. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. तिची कारणे हस्तिदंताची लूट आणि प्रवासी व्यवसायाचे हित ही होती. परंतु तो व्यवसाय ज्या प्रवाशांवर चालत होता त्यांच्या मनातील सिंह हा एल्साच्या जातीचा होता.

या विशेषनामाचे सामर्थ्य किती, ते 2015 च्या जुलैत दिसले. झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेर एका अमेरिकन शिकाऱ्याने एक सिंह मारला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता आणि त्याला 'सेसिल' हे नाव होते. ज्याच्या नावाने हा देश पूर्वी ऱ्होडेशिया म्हणून ओळखला जाई त्या सेसिल ऱ्होड्सचेच हे नाव. 28 जुलैला जिमी किमेल या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधाराने अमेरिकन दूरचित्रवाणीवर या घटनेविषयी बोलताना गळा दाटून आल्याचे लोकांनी पाहिले. त्याने ऑक्सफर्डच्या संशोधकांना साहाय्य करण्याचे आवाहन केले आणि देणग्यांचा ओघ लागला. ऑगस्टात काही अमेरिकन विमान कंपन्यांनी शिकारीतील मुंडकी व कातडी वाहून नेण्याचे नाकारले. वर्ष संपण्यापूर्वी अमेरिकन शासनाने आफ्रिकी सिंहाला संकटग्रस्त प्राण्यांविषयीच्या कायद्याचे संरक्षण दिले.

प्रत्यक्ष झिंबाब्वेत अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. प्रभारी माहितीमंत्र्यांनी तर वार्ताहरांनाच, कोणता सिंह, असे विचारले. अमेरिकेत शिकणाऱ्या तेथील एका विद्यार्थ्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहून कळविले की त्याच्या खेड्यात सिंह म्हणजे भय, आणि तो मेल्याचा तेथे आनंद होतो. या लेखाचीही चर्चा झाली, पण ती ओसरली. किमेलच्या कंठाला दाटून आलेला गहिवर खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्या सिंहाच्या शेजारी कोण राहते, हा प्रश्न त्या गहिवरात नव्हता.

2020 मध्ये दक्षिण आफ्रिका खंडातील ग्रामसमुदायांच्या पुढाऱ्यांनी ब्रिटनमधील नामवंत नटनट्यांना व गायकांना अनावृत पत्र लिहिले. शिकारीच्या परवान्यातून गावाला पैसा मिळतो, त्या पैशामुळेच हत्तीचा उपद्रव लोक सोसतात, तेव्हा आमच्या वतीने बोलू नये, असा त्याचा आशय होता. परवान्याचा पैसा खरोखर गावापर्यंत किती पोचतो हा प्रश्न वादाचा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे येते. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने मार्च 2023 मध्ये शिकारीतील अवशेषांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक संमत केले. वरिष्ठ सभागृहात ते अडले. बोत्स्वानाने 2014 मध्ये घातलेली शिकारबंदी 2019 मध्ये उठविली होती. जर्मनीत आयातीवर निर्बंध घालण्याचा विचार चालू असता, एप्रिल 2024 मध्ये बोत्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी यांनी एका जर्मन वृत्तपत्राला मुलाखत देऊन, आम्ही जर्मनीला 20,000 हत्ती भेट पाठवितो, त्यांच्याबरोबर राहून पाहावे, असे सुनावले. ही बातमी जगभर छापली गेली. तीत एकाही हत्तीला नाव नव्हते. होता तो फक्त आकडा.