इन्सुलिनच्या सावलीत हरवलेला निरोप

मधुमेह म्हटलं की आपल्याला स्वादुपिंड आठवतं. आतड्याचा त्यात काही हात असेल असं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण शंभरहून जास्त वर्षांपूर्वी काही लोकांच्या ते आलं होतं.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिलं की मज्जातंतू तोडले तरी आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडतं, थेट रक्तातून. लगेच १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या बेंजामिन मूर यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेहींना पाजून पाहिला. सुरुवातीला आशा वाटली, पण इतरांना तसे निकाल मिळेनात. मग १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. साहजिकच होतं. मरणाच्या दारातली मुलं उठून बसत होती, तिथे आतड्याला कोण विचारतो? १९३२ मध्ये ला बार यांनी या हार्मोनला 'इन्क्रेटिन' हे नाव दिलं खरं, पण असं काही असतं का, यावरच पुढे शंका घेतली गेली.

ती फिटली १९६४ मध्ये. इन्सुलिन मोजायची नवी पद्धत हाताशी आली होती. तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने दिली तर जास्त! म्हणजे आपण सोलापूरकर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो, तेव्हा आतडं आधीच स्वादुपिंडाला कळवतं, "माल येतोय, तयार राहा."

१९८७ मध्ये बॉस्टन आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी यातला मुख्य निरोप्या पकडला, जीएलपी-१. पण पठ्ठ्या रक्तात दोनेक मिनिटंच टिकतो. औषध करणार कसं? उत्तर मिळालं अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्यात. त्याच्या विषात जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास तसाच पण टिकाऊ रेणू सापडला. त्यावरून बनलेलं औषध २००५ मध्ये टाइप टू मधुमेहासाठी बाजारात आलं.

आता खरा प्रश्न टाइप वनचा. हा आजार म्हणजे आपल्या भाषेत बिघडलेला अँटीव्हायरस. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सिस्टीम फाइल्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, व्हायरस समजून उडवते. त्याचा महत्त्वाचा पुरावा, स्वादुपिंडातल्या या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं, १९७४ मध्ये लंडनमध्ये मिळाला. पण गंमत बघा, आजार लक्षात येतो त्या दिवशी सगळ्या फाइल्स उडालेल्या नसतात. काही पेशी अजून जिवंत असतात. त्या वाचवता आल्या तर?

इथे आतड्याचा निरोप परत येतो. २००३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की त्या सरड्याचा रेणू दिला तर बीटा पेशी कमी मरतात. तो पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतो आणि आत 'आत्महत्या कर' हा आदेश दबतो. मात्र हल्ला करणारा अँटीव्हायरस तसाच चालू असतो. म्हणून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवीन निदान झालेल्या ३०८ जणांवर जोडउपाय तपासला गेला: प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारं एक औषध आणि जोडीला जीएलपी-१ सारखं काम करणारं लिराग्लुटाइड. वर्षभरात शरीराची स्वतःची इन्सुलिननिर्मिती प्लेसिबो दिलेल्या गटात सुमारे ३९ टक्के घटली, जोडउपायाच्या गटात सुमारे १० टक्के. औषध थांबवल्यावर मात्र फायदा ओसरत गेला.

२०२३ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. परेश दंडोना यांनी अमेरिकेतल्या बफेलोहून १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. निदानानंतर लवकर सेमाग्लुटाइड सुरू केलं आणि १० पैकी ७ जणांचं इन्सुलिन सहा महिन्यांत पूर्ण बंद झालं. बातमी भारी आहे, पण रुग्ण फक्त दहा आणि तुलनेला दुसरा गट नाही. शिवाय टाइप वनमध्ये निदानानंतर काही महिने इन्सुलिनची गरज आपोआप कमी होते, त्याला 'हनिमून'च म्हणतात. त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं, हे मोठ्या चाचण्याच सांगतील.

तेव्हा घरात कुणाचं टाइप वनचं निदान झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "आता इन्सुलिन नको" असा फॉरवर्ड आला, तर कृपया इन्सुलिन थांबवू नका. टाइप वनमध्ये ते काही दिवस जरी चुकलं तरी जिवावर बेतू शकतं. १९२१ च्या त्या शोधाला अजून पर्याय नाही. फक्त त्याच्या सावलीत हरवलेला १९०६ चा प्रश्न आता पुन्हा नीट विचारला जातोय, एवढंच. आणि तेही थोडंथोडकं नाही.