देणगी आणि अटी

आमच्या ऑफिसात शाळेला देणगी द्यायचं ठरलं, की आधी अटींची यादी निघते. त्यावरून फिलाडेल्फिया आठवलं.

रिचर्ड हम्फ्रीज हा क्वेकर पंथाचा चांदीकाम करणारा कारागीर. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी त्याने मृत्युपत्रात १०,००० डॉलर ठेवले. त्यातून १८३७ साली 'इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ' निघाली. विश्वस्त गोरेच. पण १८५२ मध्ये शहरात शाळा उघडली, तेव्हा त्यांनी शिक्षक नेमले ते कृष्णवर्णीय! १८६९ मध्ये फॅनी जॅक्सन मुख्याध्यापिका झाली. जन्म गुलामीतला, मावशीने १२५ डॉलर मोजून तिला सोडवलेलं. १९०२ पर्यंत शाळेची सूत्रं तिच्याच हाती होती. तिथून शिकलेली कितीतरी मुलं पुढे स्वतः शिक्षक झाली.

सोमवारी मीटिंग आहे. यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. पहिलाच प्रश्न लिहिणार आहे: शाळा चालवणार कोण?