तबकडीचे तीन करार

ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा पहिला संच घरी जोडायचा झाला तर चार वस्तू लागतात. तबकडी फिरवणारे टर्नटेबल, खाचेतील थरथरीचे विजेत रूपांतर करणारे कार्ट्रिज, ती क्षीण वीज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपकांची जोडी. या चारही वस्तूंची किंमत दुकानदार सांगतो. पण त्या एकमेकींशी आणि मुख्य म्हणजे तबकडीशी कशा जुळवायच्या, हे ध्वनिमुद्रणाचा इतिहास समजल्याशिवाय कळत नाही. तबकडी एकटी मुकी असते. ज्याने ती कोरली आणि जो ती ऐकणार, त्या दोघांत काही करार झालेले असावे लागतात. असे करार तीन आहेत: वेगाचा, सुईचा आणि स्वरांच्या समतोलाचा.

आम्ही सातिवलीत राहतो. वसईहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले की चोरबाजार जवळच आहे. काळा घोड्याचे 'रिदम हाऊस' २०१६ मध्ये बंद झाले, तरी चोरबाजारात जुन्या तबकड्या अजून मिळतात. अनेकांच्या घरी आजोबांच्या पेटीत नाट्यगीतांच्या आणि ख्यालांच्या तबकड्या पडून आहेत. संच चुकीचा जोडला तर या तबकड्या नुसत्या वाईट वाजत नाहीत, दर वेळी थोड्या थोड्या पुसल्या जातात. म्हणून या करारांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पहिला करार: वेग

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन तयार केला. सुरुवातीची यंत्रे हाताने फिरवावी लागत. पुढे चावीची कमान आली. वेग ठरलेला नव्हता. मिनिटाला सत्तर ते ऐंशीच्या आसपास फेरे, एवढेच काय ते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गायसबर्ग याने कोलकात्यात भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्यांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होऊन बोटीने परत येत. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा प्रवास थांबला.

विजेच्या मोटारी आल्यावर वेगाला शिस्त लागली. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, तिच्यावर ७८.२६ फेरे सोयीचे पडले. आपल्याकडे आणि युरोपात ती ५० हर्ट्झ, तेथे ७७.९२ फेरे जमले. दोन्हींना लोक 'अठ्ठ्याहत्तर'च म्हणू लागले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने ३३ १/३ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी काढली आणि १९४९ मध्ये आरसीए कंपनीने ४५ फेऱ्यांची.

वेग बदलला की स्वर बदलतो. ३३ १/३ ची तबकडी ४५ वर लावली तर वारंवारता १.३५ पट होते, म्हणजे गायकाचा षड्ज जवळजवळ मध्यमावर जाऊन बसतो. हे कोणालाही कळेल. पण ७८ ऐवजी ७३.६ वर वाजवली तर फरक सुमारे सहा टक्के, म्हणजे बरोबर एका पट्टीचा. तो कळत नाही. १९१० च्या आधीची तबकडी आज बिनदिक्कत ७८ वर लावली आणि 'बुवा काळी चारमध्ये गात' असे लिहून ठेवले, तर ती नोंद गायकाची नसून मोटारीची असू शकेल.

वेग तपासण्याचे साधन वर्गातच करता येते. चोकवर चालणारी ट्यूबलाइट ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा उजळते. ६००० ला ३३ १/३ ने भागले की १८० येतात. पुठ्ठ्याच्या वर्तुळावर कोनमापकाने दर दोन अंशांवर एक अशा १८० रेघा ओढाव्यात आणि ते फिरत्या टर्नटेबलवर ठेवावे. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. वेग जास्त असेल तर त्या पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. अठ्ठ्याहत्तरसाठी ७७ रेघा लागतील. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग बहुधा फसतो, कारण पुष्कळ एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत.

दुसरा करार: सुई

जुनी तबकडी लाखेची. ही लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. ही भुकटी मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई खाचेत घासली जाऊन तिचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराचे व्हावे, हा हेतू. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची सूचना असे. कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असे, कारण आवाजाची सारी ऊर्जा त्या खाचेतूनच यायची होती.

१९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले. ऊर्जा अ‍ॅम्प्लिफायर पुरवू लागला आणि सुईचे काम हलके झाले. लाँग प्ले तबकडी व्हिनाइल या मऊ प्लॅस्टिकची. तिची खाच फार बारीक. अठ्ठ्याहत्तरच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ६५ ते ७५ मायक्रोमीटर, तर स्टीरिओ लाँग प्लेच्या सुईची सुमारे १८. भार दीड ते दोन ग्रॅम. जाड सुई बारीक खाचेत मावत नाही आणि तिच्या भिंती फोडते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकवते. म्हणून दोन्ही प्रकारच्या तबकड्या असतील तर दोन सुया घ्याव्यात. भार मोजण्याचा छोटा काटा मिळतो, तो संचाबरोबरच घ्यावा.

स्टीरिओची कल्पना इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लुमलाइन याची. पेटंटचा अर्ज १९३१ चा. खाचेला दोन भिंती असतात, दोन्ही ४५ अंशांत कललेल्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. अशा तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ मध्ये. सुई आडवी हलली तर दोन्ही बाजूंना सारखा आवाज. वर-खाली हलली तर दोन आवाजांतला फरक. त्यामुळे जुनी एकमार्गी लाँग प्ले तबकडी स्टीरिओ कार्ट्रिजवर सुखाने वाजते. उलट मात्र चालत नाही. जुन्या एकमार्गी पिकअपची सुई वर-खाली हलायला राजी नसते आणि ती स्टीरिओ खाच खरवडून काढते.

तिसरा करार: समतोल

हा करार दिसत नाही, म्हणून बहुतेकांचा संच येथे बिघडतो. मंद्र स्वर जसेच्या तसे कोरले तर सुई इतकी लांब हेलकावते की शेजारची खाच कापली जाईल. तार स्वर इतके सूक्ष्म उमटतात की पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतील. यावर तोड म्हणून कोरताना मंद्र दाबतात आणि तार उचलतात. वाजवताना बरोबर उलट करतात. किती दाबायचे, किती उचलायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असे. १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि हळूहळू जगाने ते मानले. त्यानुसार वाजवताना २० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे दहापट वाढवायचा आणि २०,००० हर्ट्झचा सुमारे दहा पटींनी कमी करायचा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली खोबण असते ती यासाठी. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर चालणारे चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. फोनो विभाग ते वाढवतो आणि समतोलही साधतो. ही खोबण नसेल तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडावा. नाहीतर आवाज क्षीण, पातळ आणि कर्कश येतो आणि दोष बिचाऱ्या तबकडीला लागतो. १९५४ पूर्वीच्या तबकडीसाठी हे प्रमाण नाही. तेथे मंद्र-ताराच्या खुंट्या फिरवून कानानेच निवाडा करावा लागतो.

ध्वनिक्षेपकांविषयी थोडेच सांगायचे आहे. दोन ध्वनिक्षेपक आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. टर्नटेबल ज्या फळीवर आहे त्या फळीवर ध्वनिक्षेपक ठेवू नयेत. त्यांची कंपने सुईपर्यंत पोचून घुमारा उठतो.

करार मोडले तर

उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये वारले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ते गाणे आपण ऐकतो ते शिष्यांच्या गळ्यातून. त्यांतील एक केसरबाई केरकर, मूळच्या गोव्यातील केरी गावच्या. त्यांच्या तबकड्या थोड्याच; त्यांतल्या अठ्ठ्याहत्तरच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर विस्तारणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. इतके थोडे उरले असेल तेव्हा चुकीच्या सुईची एक फेरीसुद्धा महाग पडते.

केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये पृथ्वीबाहेर गेली. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याला आपली भाषा, आपला मिनिट, आपली वीज ठाऊक असणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कार्ट्रिज आणि सुई बरोबरच ठेवली. वेग सांगण्यासाठी वेष्टनावर आकृती कोरली. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १६ २/३ फेरे. आणि हा काळ मोजायचा तो हायड्रोजन अणूतील एका बदलाला लागणाऱ्या काळाच्या, सेकंदाच्या एक अब्जांशाच्या ०.७० पट एककात. असे सुमारे पाच अब्ज एकक म्हणजे एक फेरा.

अनोळखी श्रोत्यासाठी शास्त्रज्ञांनी एवढी काळजी घेतली. आपल्यानंतर तबकड्या ऐकणारी मुलेही एका अर्थी अनोळखीच असणार. शाळेच्या किंवा घरच्या कपाटात तबकड्या सापडल्या तर त्या वाजवण्याआधी प्रत्येकीच्या पाकिटावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: फेरे किती, सुई कोणती, आणि १९५४ च्या आधीची की नंतरची. वर्ष माहीत नसेल तर कंपनीचे नाव आणि तबकडीवरचा क्रमांक लिहावा; त्यावरून वर्ष पुढे कोणीतरी शोधून काढू शकेल.