बंब थंड पडतो तेव्हा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी न्हाणीला लागून असलेल्या पडवीत तांब्याचा एक बंब होता. खोल्या गरम ठेवण्याची सोय विदर्भातल्या घरांत नसतेच. हिवाळ्यात ऊब मिळायची ती चुलीजवळ, अंगणातल्या शेकोटीजवळ आणि या बंबाच्या पाण्यातून. पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की फजरच्या अजानीआधी अम्मी बंब पेटवायची. आम्ही पुरुष मंडळी उठायचो तेव्हा वुजूसाठी कढत पाणी तयार असायचे. ते कसे तयार होते, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही.

एका हिवाळ्यात दम्याने अम्मी अंथरुणाला खिळली आणि बंब माझ्याकडे आला. तिसऱ्याच दिवशी तो तापेनासा झाला. मी वरून पऱ्हाट्या कोंबल्या, रॉकेल ओतले. पडवी धुराने भरली, पण पाणी कोमटसुद्धा होईना. आतून अम्मीचा खोकला ऐकू येत होता. दादाजानने काही न बोलता गार पाण्याने वुजू करून घेतली.

शेवटी अम्मीनेच खाटेवरून सांगितले, "वरून काही टाकू नको. खाली बघ, राख किती साचली ते."

बंबाची रचना साधी असते. मध्ये उभी नळी, तिच्याभोवती पाणी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. जळण वरून टाकायचे, हवा खालून शिरते. गरम हवा नळीतून वर जाते आणि खालची ताजी हवा ओढून घेते. ही ओढ आहे तोवर आग आहे. माझ्या बंबात राख थेट जाळीला टेकली होती आणि नळीला आतून काजळीचा थर चढला होता. त्यात अवकाळी पावसाने पऱ्हाट्याही ओलसर झाल्या होत्या. राख उपसली, काठीला चिंधी गुंडाळून नळी पुसली, गोठ्यातल्या कोरड्या तुराट्या आणल्या. दुसऱ्या दिवशी पाणी तापले. जळण कमी नव्हतेच. हवेची वाट बंद होती.

त्या दिवशी दादाजानने हजरत अम्र बिन आस (रजि.) यांची हकीकत सांगितली. हिजरी सन 8 मध्ये जात-उस-सलासिलच्या मोहिमेवर असताना एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. गार पाण्याने अंघोळ केली तर जिवावर बेतेल असे वाटून त्यांनी तयम्मुम केले आणि साथीदारांना नमाज पढवली. परतल्यावर तक्रार पैगंबरांकडे (स.) गेली. अम्र यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या अर्थाच्या सूरह निसामधल्या आयतीचा आधार दिला. पैगंबर (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. धर्माला माणसाचा जीव प्यारा आहे, असे दादाजान म्हणाले. मला मात्र त्या वेळी आतल्या खोलीतला खोकला आठवत होता. आमच्या जिवाची काळजी अम्मीने घेतली होती. तिच्या जिवाची कोणी घेतली होती?

इतिहासात शोधले तरी हाच प्रश्न समोर येतो. मराठीत आजही रुळलेला 'हमामखाना' हा शब्द अरबी 'हम्माम'वरून आला. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात तापीकाठी मोगलकाळातला हमाम आजही पाहता येतो. 1631 साली त्याच शहरात वारलेल्या मुमताज महलचे नाव सगळे त्याच्याशी जोडतात. मोगली हमामांत पाणी तापवणारी भट्टी भिंतीपलीकडे असे. तिथे पहाटे लाकडे सारणाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही.

धुरापलीकडच्या माणसाचा विचार करणारे लोक आमच्याच जिल्ह्यात होते. 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे काम सुरू झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. जे. सी. कुमारप्पा तिथले सूत्रधार होते. 1938 साली मगन संग्रहालय उघडले. मगनवाडीने घाणी, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप यांवर काम केले आणि स्वयंपाकघरासाठी मगन चूल दिली. मातीची बंदिस्त चूल, जळणाला एक तोंड, भांड्यांसाठी ओळीने भोके आणि धूर छपराबाहेर नेणारे धुराडे. बाईच्या डोळ्यांतले पाणी हा देशाच्या अर्थशास्त्राचा विषय आहे, हे त्या चुलीने मान्य केले होते.

पुढे 1980च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. त्यातल्या पुष्कळ काही वर्षांतच बंद पडल्या. माती तडकली, भांडी भोकांवर नीट बसेनात, धुराडी काजळीने तुंबली. चूल बसवणाऱ्याची नोंद झाली, धुराडे साफ कोण करणार हे मात्र ठरलेच नाही. ते काम ती पेटवणारीनेच करायचे, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

मीही तेच धरले होते. फरक इतकाच की मला ते शिकवणारी खाटेवर का होईना, पण घरातच होती.

आता घरी गिझर आहे. अम्मीचा दमा गेलेला नाही, हिवाळ्यात तो उठतोच. भारनियमन असेल त्या पहाटे बंब पेटतो. आदल्या रात्री राख मी काढतो, नळी माझा मुलगा पुसतो. सुरुवातीला तो कुरकुरला, "हे तर दादीचे काम आहे." मी त्याला हात काळे करायला लावले.

तुमच्या घरीही गरम पाणी कोणीतरी तयार ठेवत असेल. उद्या फजरला थोडे आधी उठून बघा, ते कोण आहे.